एक रुपयाचं नाणं पाडणं आता थांबवावं का?

हिशेबनीस:
अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचा शेवटचा सेंट पाडला गेला. कॅनडाने हेच २०१२ मध्ये केलं. आपल्याकडे २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बाद आहेत. ५० पैसे कायद्याने अजून चालतात, पण बाजारात कोणी घेत नाही. म्हणजे व्यवहारातलं आपलं सगळ्यात लहान नाणं एक रुपयाचं.

माझं मत असं की हे नाणं पाडणं आता थांबवावं. बाद करू नये, गल्ल्यात आहेत ती चालू द्यावीत, फक्त नवीन पाडू नयेत.

२०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात नाण्यांचा उत्पादनखर्च बाहेर आला होता. एकचं नाणं पाडायला १.११ रुपये, दोनचं १.२८, पाचचं ३.६९ आणि दहाचं ५.५४. दर्शनी किमतीपेक्षा जास्त खर्च फक्त एकच्या नाण्याला येतो.

आणि मुख्य मुद्दा हा की एकच्या नाण्याशिवाय कुठलीही पूर्ण रुपयातली रक्कम चुकती करता येते. २ आणि ५ हातात असले की पुरे. ३ द्यायचे तर ५ देऊन २ परत घ्या. १ द्यायचा तर ५ देऊन दोनची दोन नाणी परत घ्या. ६ म्हणजे दोनची तीन, ७ म्हणजे ५ आणि २, ९ म्हणजे ५ आणि दोनची दोन. राउंड ऑफ करायची गरजच पडत नाही. अमेरिकेला ही सोय नाही, कारण सेंटनंतर त्यांच्याकडे थेट ५ सेंटचं नाणं आहे.

तुमचं काय मत?

पावली:
सहमत. काडेपेटी १ डिसेंबर २०२१ पासून १ वरून २ रुपये झाली, तेव्हाच एकच्या नाण्याचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं.

किराणाकट्टा:
हिशेबनीस, तुमचं गणित दोन्ही बाजूंकडे सुटे आहेत असं धरून चालतं. काउंटरवर चित्र वेगळं असतं. गिऱ्हाईक दहाची नोट पुढे करतं आणि त्याच्याकडे दुसरं काही नसतं. आता बिल १ ते ९ रुपये असेल तर दुकानदाराने काय परत द्यायचं ते बघा, एकचं नाणं नाही असं धरून:

बिल १: परत ९, म्हणजे ५+२+२. जमतं.
बिल २: परत ८, दोनची चार. जमतं.
बिल ३: परत ७, ५+२. जमतं.
बिल ४: परत ६, दोनची तीन. जमतं.
बिल ५: परत ५.
बिल ६: परत ४, दोनची दोन.
बिल ७: परत ३. अडलं.
बिल ८: परत २.
बिल ९: परत १. अडलं.

सात आणि नऊ अडतात. आणि छापील किमतीत ९ हा शेवटचा आकडा किती वेळा येतो ते कुठल्याही दुकानाच्या फळीवर दिसेल. ९९ ची वस्तू, शंभराची नोट, परत एक रुपया. तिथेच चॉकलेट पुढे येतं.

हिशेबनीस:
नोंद चांगली आहे. पण ९ च्या बिलाला गिऱ्हाईकाने १४ दिले तर ५ परत जातात, ७ च्या बिलाला १२ दिले तर ५ परत. दुकानदार आजही "वरचे दोन आहेत का?" असं विचारतातच.

किराणाकट्टा:
विचारतात, आणि दहातली सहा गिऱ्हाइकं नाही म्हणतात. गर्दीच्या वेळी हा संवाद परवडत नाही.

टाचणी:
म्हणजे एक रुपया बंद झाला तर चॉकलेट कंपन्यांची दिवाळी.

टांकसाळमित्र:
खर्चाच्या आकड्यांवर थोडं. १.११ हा आकडा २०११ च्या मालिकेतल्या नाण्याचा आहे. ते नाणं जवळपास २२ मिमी आणि ३.७९ ग्रॅमचं. २०१९ मध्ये नवीन मालिका आली, त्यात एक रुपया २० मिमी आणि ३.०९ ग्रॅम झाला. धातू साडेअठरा टक्के कमी. धातू तोच, फेरिटिक स्टेनलेस स्टील, ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. त्यामुळे २०१८ चा खर्च धरून आजच्या नाण्याला तोट्यातलं म्हणता येणार नाही.

खर्च कशाकशाचा असतो तेही बघा. स्टीलची पट्टी, त्यातून चकत्या कापणं, कडा उभारणं, भट्टीत तापवून मऊ करणं, आम्लाने धुणं, चकाकी देणं, मग ठसा मारणं, मोजणं आणि पिशव्या भरणं. यातला फक्त पहिला भाग वजनावर ठरतो. बाकीची कामं १ च्या नाण्याला आणि १० च्या नाण्याला जवळपास तेवढीच पडतात. म्हणून लहान नाणं नेहमीच महाग दिसतं. चकत्या बऱ्याचदा टांकसाळीबाहेर तयार होतात, सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या सेलम कारखान्यात त्यासाठी वेगळी सोय आहे.

दुसरं म्हणजे नाण्याचा खर्च त्याच्या दर्शनी किमतीशी ताडणं अर्धवट आहे. नोट फाटते, मळते, काही वर्षांत बदलावी लागते. स्टीलचं नाणं वीस-पंचवीस वर्षं सहज फिरतं. १९९२ ची २५ मिमीची जुनी रुपयाची नाणी अजून हातात येतात. इतक्या वर्षांत ते हजारो व्यवहार करतं. १ रुपया ११ पैसे त्यावर विभागून बघा.

शून्यशेष:
टांकसाळमित्र, फिरलं तर. प्रश्न तिथेच आहे. जे नाणं दुकानातून घरी येतं आणि डब्यात पडतं, त्याने एकच व्यवहार केला. मग त्याच्या जागी टांकसाळीला दुसरं पाडावं लागतं. नाण्याची किंमत जितकी कमी, तितकं ते परत बाजारात न्यायची इच्छा कमी. अमेरिकेत सेंट जाण्यामागे हेही एक कारण होतं. तिथल्या अर्थखात्याच्या अंदाजाने ३०० अब्ज सेंट चलनात आहेत, तरी दरवर्षी नवीन पाडावे लागत होते.

न्यूजर्सीचा नाना:
अमेरिकेचं उदाहरण निघालंच आहे तर नीट मांडतो, कारण तिथे जे चुकलं ते आपल्याला टाळता येईल.

२०२४ च्या आर्थिक वर्षात सेंट पाडायला ३.६९ सेंट लागत होते. वजन २.५ ग्रॅम, १९८२ पासून ९७.५ टक्के जस्त आणि वर तांब्याचा मुलामा. बंद करून वर्षाला ५.६ कोटी डॉलर वाचतील असा अर्थखात्याचा अंदाज. इथपर्यंत ठीक. पण त्या वर्षी ५ सेंटच्या नाण्याचा खर्च १३.७८ सेंट होता! सेंट गेला की ५ सेंटची मागणी वाढणार आणि त्याच्या प्रत्येक नाण्यामागे पावणेनऊ सेंट तोटा.

दुसरी चूक मोठी. टांकसाळ थांबली, पण बिल कसं राउंड करायचं याचा केंद्राचा कायदा त्याआधी झालाच नाही. शेवटचा सेंट पाडला जाण्याच्या कितीतरी आधी काही ठिकाणी बँकांना सेंट मिळणं थांबलं आणि दुकानं आपापल्या मनाने वागू लागली. कोणी गिऱ्हाईकाच्या बाजूने खाली राउंड करतं, कोणी "नेमके पैसे द्या" अशी पाटी लावतं. त्यात सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर खरेदी करणाऱ्याला इतरांपेक्षा वेगळी किंमत लावायची नाही असा नियम आहे. कार्डावर सेंटपर्यंत नेमके पैसे कापले जातात आणि रोखीत खाली राउंड केलं तर कार्डवाल्याला जास्त पडतात. मोठ्या दुकानांचे वकील यावर डोकं धरून बसले.

आपल्याकडे उलट आहे हे मात्र खरं. एक रुपया थांबला तर भार दोनच्या नाण्यावर येईल आणि दोनचं नाणं ७२ पैसे फायद्यात आहे.

हिशेबनीस:
दोनच्या नाण्यावर किती भार येईल तेही काढता येतं. १, २, ३, ४ या चार रकमा आज चुकत्या करायला मिळून ६ नाणी लागतात: १, २, २+१, २+२. त्यातली चार दोनची. एकचं नाणं नसेल तर ८ नाणी हात बदलतील, त्यातली सहा दोनची आणि दोन पाचची. म्हणजे दोनच्या नाण्याची गरज दीडपट. टांकसाळीने एकच्या जागी तेवढीच दोनची पाडली तरी हे भागेल.

मेपलपान:
कॅनडाचं थोडक्यात. शेवटचा सेंट ४ मे २०१२ ला विनिपेगला पाडला, ४ फेब्रुवारी २०१३ पासून टांकसाळीने बँकांना देणं थांबवलं. मध्ये नऊ महिने दुकानदारांना तयारीला मिळाले. नियम साधा: राउंड फक्त रोखीत, आणि फक्त कर धरून झालेल्या शेवटच्या बेरजेवर. वस्तूगणिक नाही. शेवटचा आकडा १, २ असेल तर खाली, ३, ४ वर पाचला, ६, ७ खाली पाचला, ८, ९ वर दहाला. कार्ड आणि चेक सेंटपर्यंत नेमके. जुने सेंट आजही कायदेशीर आहेत.

वस्तूगणिक राउंड करायचं नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. दहा वस्तूंची बेरीज करून एकदा राउंड केलं तर जास्तीत जास्त दोन सेंटचा फरक. दहा वेळा केलं तर प्रत्येक वेळी दुकानदार आपल्या सोयीची किंमत ठरवू शकतो.

वहीखाते:
मेपलपान म्हणतात ती पद्धत इथे पाचच्या पटीत आणायची म्हटली तर आडवी येते छापील किंमत. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांतला १८(२) हा नियम सांगतो की किरकोळ विक्रेत्याने छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. २८ रुपयांचं दुधाचं पाकीट एकटंच घेतलं आणि रोखीत ३० झाले, तर नियम मोडला. २७ चं २५ ला दिलं तर चालतं. म्हणजे आजच्या कायद्यात एका वस्तूच्या बिलाला दुकानदाराला फक्त खालीच राउंड करता येतं. पाचच्या पटीत जायचं असेल तर आधी या नियमात "रोखीच्या एकूण बिलावरचं राउंडिंग वगळून" अशी भर घालावी लागेल.

कराच्या बाजूने अडचण नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये कर, व्याज, दंड हे जवळच्या रुपयाला राउंड होतात, ५० पैसे किंवा जास्त असेल तर वर. बिलावरचं राउंडिंग कर काढून झाल्यावरचं, त्यावर कर लागत नाही. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात तर २८८अ आणि २८८ब प्रमाणे उत्पन्न आणि कर दोन्ही दहाच्या पटीत जातात. सरकार स्वतः दहाला राउंड करतं आणि लोक एकसाठी भांडतात.

गल्लीबोळ:
टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाचला राउंड करता येतं का?

वहीखाते:
येतं. राउंड ऑफचं लेजर (खातं) उघडताना लेजरचा प्रकार "इनव्हॉइस राउंडिंग" निवडा, पद्धत "नॉर्मल राउंडिंग", आणि मर्यादा १ च्या जागी ५. पण हे लेजर सगळ्या विक्रीला लावलं तर यूपीआयची बिलंसुद्धा पाचला जातील. म्हणून रोखविक्रीचा व्हाउचर प्रकार वेगळा करा, त्यातच हे लेजर वापरा. उधारीला आणि यूपीआयला जुनंच १ मर्यादेचं लेजर ठेवा.

अडतं ते अर्धं रोख, अर्धं यूपीआय असलेल्या बिलाला. तिथे आधी यूपीआयची रक्कम वजा करायची आणि उरलेल्या रोखीलाच राउंड करायचं. १,२८३ चं बिल, १,००० यूपीआय, उरले २८३, रोखीत २८५. पूर्ण १,२८३ ला आधी राउंड करून मग वाटणी केली तर महिनाअखेरीस बँकेचा मेळ बसत नाही.

लालपरी:
एसटीने हा प्रयोग केलेला आहे. २०१८ च्या जूनमध्ये भाडेवाढीबरोबर तिकिटं पाचच्या पटीत केली. ७ चं तिकीट ५ ला, ८ चं १० ला. वाहकांच्या सुट्यांच्या भांडणांवर तोच सगळ्यात मोठा उपाय होता. मग २०२५ च्या जानेवारीत भाडं वाढलं आणि ११ रुपयांसारखी तिकिटं आली. सगळी भांडणं परत! वाहकाच्या पिशवीत पहाटे निघताना जेवढे सुटे दिले जातात ते पहिल्या दोन फेऱ्यांत संपतात, कारण प्रत्येक प्रवासी नोट देतो आणि सुटे परत घेऊन उतरतो. सुटे एकाच दिशेने वाहतात.

मुंबईत बेस्टची साधी बस मे २०२५ पासून किमान १० रुपये, वातानुकूलित १२. बाराला एक नाही, दोन लागतो. लोकलचं तिकीट पाचच्या पटीत. दोन्हीकडे एकच्या नाण्याशिवाय गाडी चालते आहे. ज्याने भाडं ठरवायचं त्याने हातात कुठली नाणी आहेत ते बघून ठरवावं, एवढंच.

ब्रेलबिंदू:
इथे एक मुद्दा कोणीच काढला नाही. अंध व्यक्ती नाणं आकाराने, कडेने आणि वजनाने ओळखते. १९९२ ते २०११ पर्यंतचा रुपया २५ मिमी, ४.८५ ग्रॅम. २०११ च्या मालिकेतलं दोनचं नाणं? तेही २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅम. धातूही तोच. म्हणजे जुना एक आणि २०११ चा दोन बोटांना एकच लागतात. दृष्टी असलेले लोकसुद्धा घाईत फसतात.

२०१९ ची मालिका याच विचाराने केली. १ ला २० मिमी, २ ला २३, ५ ला २५, १० ला २७, आणि २० ला २७ मिमीचीच पण बारा बाजूंची. किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढतं. पण जुनी नाणी बाजारात आहेत तोवर हा क्रम हाताला लागत नाही. एकचं नाणं पाडणं थांबवून गोंधळ कमी होणार नाही. जुना २५ मिमीचा रुपया बँकांत आला की तो परत बाहेर न जाता वितळायला जावा, याने होईल.

टांकसाळमित्र:
ब्रेलबिंदू यांच्या मुद्द्याला जोडून: बँकेला १ आणि २ ची नाणी वजनावर घेता येतात, रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच तशा आहेत, आणि शंभर-शंभरच्या प्लास्टिक पाउचमध्ये दिली तर सोयीचं पडतं असंही त्यात आहे. पण वजन करणार कसं? जुन्या रुपयाचा शंभराचा पाउच ४८५ ग्रॅम, २०११ च्या रुपयाचा ३७९, २०१९ च्या रुपयाचा ३०९. मिसळले की वजनाला अर्थ उरत नाही. त्यामुळे जमा करणाऱ्याने आधी आकाराने वेगळी करावीत. २५, २२ आणि २० मिमीची भोकं पाडलेल्या तीन ताटल्यांची चाळण केली की काम पटकन होतं. सगळ्यात खाली २० मिमीवाली. फक्त भोकं अर्धा-पाऊण मिलिमीटर मोठी ठेवायची, नाहीतर नाणी अडकतात. आणि २२ मिमीच्या ताटलीवर अडकलेली हाताने तपासायची, कारण त्यात २०११ ची दोनची नाणी असणारच.

पावली:
रुपयाच्या वजनाचा इतिहास कोणी लिहील का? अवांतर होईल, पण वाचायला आवडेल.

मुद्राप्रेमी:
लिहितो. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा, आणि ९१.७ टक्के चांदी. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आणली. १९४७ ला निकेलचा झाला. १९६२ पासून १० ग्रॅम निकेल. १९७५ पासून ८ ग्रॅम, तांबं-निकेल. १९८३ पासून ६ ग्रॅम. १९९२ पासून स्टील, ४.८५ ग्रॅम. २०११ ला ३.७९. २०१९ ला ३.०९.

प्रत्येक वेळी कारण एकच: धातूची किंमत दर्शनी किमतीच्या जवळ आली की नाणं वितळवणं परवडतं. युद्धामुळे, १९४३ ते १९४७, धातू वाचवायला भोकाचा पैसा काढला तोही यातलाच. पाचचं जुनं तांबं-निकेलचं जाड नाणं ९ ग्रॅमचं होतं. नाणी सीमेपार नेऊन त्यांची दाढीची पाती करतात अशा बातम्या २००७ च्या सुमारास आल्या होत्या. स्टीलच्या रुपयात तो धोका नाही. भंगाराचा भाव किलोला १०० रुपये धरला तरी ३.७९ ग्रॅमचे ३८ पैसे होतात. शिवाय २०११ च्या नाणे कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद.

म्हणून मला हिशेबनीसांचा मार्ग पटत नाही. आठ दशकं आपण नाणं हलकं करत आलो आहोत आणि ते चाललं आहे. ३.०९ चं अडीच करा.

ब्रेलबिंदू:
अडीच ग्रॅमचं, १८ मिमीचं नाणं वयस्कर बोटांना उचलता येत नाही. खाली एक मर्यादा आहे.

गल्लीबोळ:
लग्नाच्या पाकिटाचं काय? १०१, ५०१ चा आहेर. पाकिटावर चिकटवलेलं रुपयाचं नाणं हवंच!

पावली:
त्यासाठी रुपयाची नोट आहे. १९९४ ला छपाई थांबली होती, २०१५ ला परत सुरू झाली. त्यावर अर्थसचिवांची सही असते.

मुद्राप्रेमी:
आणि नाणे कायद्याच्या व्याख्येत ती नोटसुद्धा नाण्यातच मोडते. पण गल्लीबोळ यांचा मुद्दा मला खरा वाटतो. आहेर, ओटी, देवापुढचा रुपया यासाठी लागणारी नाणी वर्षानुवर्षं बाजूला पडून राहतात. ही मागणी कधी संपणार नाही. पाडणं थांबलं तर दोनेक वर्षांत नवीकोरी रुपयाची नाणी जास्त पैसे मोजून विकली जातील, आताच नोटांची बंडलं विकली जातात तशी.

किराणाकट्टा:
मूळ प्रश्नाकडे येतो. सुट्यांची टंचाई नाणी कमी पाडल्यामुळे नाही. २०१८ च्या जानेवारीत चारही टांकसाळींनी, म्हणजे मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाने, पाडणं थांबवलं होतं, कारण गोदामात तयार नाणी ठेवायला जागा नव्हती. तरी काउंटरवर सुट्यांची ओढ असतेच. २०२३ मध्ये शिर्डीच्या साई संस्थानाकडे जमलेली नाणी ठेवायला बँकांकडे जागा नसल्याच्या बातम्या आल्या. एकीकडे डोंगर, एकीकडे दुष्काळ. मधला रस्ता बंद आहे.

तो रस्ता म्हणजे बँकेची शाखा. नाणी मोजायला माणूस, ठेवायला तिजोरीतली जागा आणि वाहतूक. म्हणून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२१ पासून नाण्यांच्या वाटपाचा मोबदला पिशवीमागे २५ वरून ६५ रुपये केला.

शून्यशेष:
बरोबर, आणि इथेच एक रुपया जड पडतो. २०१९ च्या वजनांनी एक लाख रुपयांची नाणी न्यायची तर:

१ ची: ३०९ किलो
२ ची: सुमारे २०४ किलो
५ ची: सुमारे १३५ किलो
१० ची: सुमारे ७७ किलो
२० ची: सुमारे ४३ किलो

एकच टेम्पो, एकच हमाल, एकच तिजोरी. एकच्या जागी दोनची नाणी नेली तर तेवढ्याच वजनात दीडपट पैसे, आणि तेवढ्याच रकमेला निम्मी मोजणी. वाटप हाच अडथळा असेल, तर सगळ्यात आधी त्यातलं सगळ्यात जड नाणं काढायला हवं. पाडण्याचा खर्च ११ पैशांनी वर की खाली यापेक्षा हा हिशेब मोठा आहे.

किराणाकट्टा:
हे पटतं. पण सात आणि नऊच्या बिलाचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

टाचणी:
विषम बिल आलं की एक रुपया खाली. गिऱ्हाईक खूश.

किराणाकट्टा:
समजा दिवसाला ३०० रोखीची बिलं. निम्मी विषम. सगळी खाली आणली तर रोज १५०, महिन्याला ४,५००. किराण्यात पाच-सात टक्क्यांवर काम करणाऱ्याला हे झेपत नाही. पाचच्या राउंडिंगमध्ये निदान वर-खाली भरपाई होते, दोनच्या पटीत होत नाही. विषम आकडा बरोबर मध्ये पडतो.

मेपलपान:
न्यूझीलंडला हीच अडचण आली. त्यांनी २००६ मध्ये ५ सेंट काढला आणि सगळं दहाच्या पटीत नेलं. ५ ने संपणारं बिल बरोबर मध्ये. ते वर न्यायचं की खाली, हे दुकानदारावर सोडलं. बहुतेकांनी खाली आणलं.

हिशेबनीस:
किराणाकट्टा, ३०० पैकी १५० सगळीच अडणार नाहीत. तुम्हीच वर काढलंत की दहाच्या नोटेवर फक्त ७ आणि ९ अडतात. १, ३, ५ ची बिलं विषम असून सुटतात. मोठ्या नोटेवर तर आणखी कमी अडतं: १७ च्या बिलाला ५० दिले तर ३३ परत, म्हणजे वीसची नोट, एक पाच आणि दोनची चार. आणि ७ ला ज्याच्याकडे वरचे दोन, ९ ला वरचे चार आहेत त्याचं भागतं. शिवाय नाणं बाद केलेलं नाही, आजची सगळी एकची नाणी गल्ल्यात असणारच. ती फक्त ७ आणि ९ साठी राखली तर बरीच वर्षं पुरतील.

वहीखाते:
"बाद नाही, फक्त पाडणं थांबलं" हे लोकांपर्यंत कसं पोचवणार? ५० पैशांचं काय झालं ते बघा. कायद्याने आजही चालतं, १० रुपयांपर्यंतच्या देण्याला घ्यावंच लागतं. एक रुपया आणि वरच्या नाण्यांना ती मर्यादा १,००० रुपये आहे. तरी ५० पैसे कोणी घेत नाही. दहाच्या नाण्याबद्दल अफवा उठल्या तर ते कायदेशीर असून दुकानदारांनी नाकारलं आणि रिझर्व्ह बँकेला पुन्हा पुन्हा खुलासे करावे लागले. एकचं नाणं पाडणं थांबलं अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी "एक रुपया बंद" असा निरोप सगळ्या ग्रुपवर फिरेल. मग राखलेली नाणी कोणी घेणारच नाही.

न्यूजर्सीचा नाना:
म्हणून घोषणा न करता करावं. वार्षिक मागणीत एकची संख्या दरवर्षी थोडी कमी, दोनची तेवढी जास्त. अमेरिकेने गाजावाजा केला आणि लोक शेवटचे सेंट जमवायला लागले.

मेपलपान:
आयर्लंडचा रस्ता मला जास्त चांगला वाटतो. त्यांनी २०१३ मध्ये आधी वेक्सफर्ड या एका गावात प्रयोग केला, मग २०१५ च्या ऑक्टोबरात देशभर. राउंडिंग ऐच्छिक, आणि गिऱ्हाईकाने मागितले तर नेमके सुटे द्यायचे.

लालपरी:
इथे तसा प्रयोग करायचा तर एखादं तालुक्याचं गाव निवडावं, जिथे एसटीचा आगार, आठवडी बाजार आणि देवस्थान तिन्ही आहेत. नाणी देवस्थानात जमतात, बाजारात लागतात आणि आगारात अडतात. तिन्ही ठिकाणची मोजणी करावी लागेल, नुसती दुकानांची पुरणार नाही.

किराणाकट्टा:
प्रयोगाला माझी हरकत नाही. दोन अटी. त्या गावातल्या प्रत्येक बँकशाखेने आठवड्याच्या एका ठरलेल्या दिवशी दुकानदारांना दोनच्या नाण्यांचे शंभराचे पाउच मोजून द्यावेत, "आज नाहीत" हे उत्तर नको. आणि देवस्थानाने दानपेटीतली एक-दोनची नाणी आकाराने वेगळी करून थेट दुकानदारांना नोटांच्या बदल्यात द्यावीत, बट्टा न घेता. आधी तीन महिने एवढंच करून बघा, एकचं नाणं पाडणं चालू ठेवून. त्यानंतरही ७ आणि ९ च्या बिलाला किती वेळा अडतं ते मोजा, मग पाडणं थांबवायचं की नाही ते ठरवा.

शून्यशेष:
मोजायचं तर चॉकलेटं मोजा. सुट्यांऐवजी किती गेली याची दुकानदाराने रोज वहीत एक रेघ मारावी. तीच टंचाई. आणि बाजारच्या दिवसाची रेघ वेगळी ठेवा, नाहीतर सरासरीत ती हरवेल.

हिशेबनीस:
चालेल. मग दोनच्या पाउचचं वजनही ठरवून घ्या: २०१९ चं नाणं ४.०७ ग्रॅम, म्हणजे शंभराचे ४०७. २०११ चं मिसळलं तर ४८५ पर्यंत जाईल, तेव्हा पाउचवर मालिका लिहिलेली असावी.